टिप, पोस्त आणि चहापाणी: कुणाला, केव्हा, किती

नागपूरहून सहा महिन्यांपूर्वी घोडबंदर रोडला राहायला आलेल्या एका ताईंनी विचारलंय: बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेटरला वेगळी टिप द्यायची का? सिलिंडर आणणारा पावतीपेक्षा तीस रुपये जास्त मागतो, ते द्यायचे का? दिवाळीत वॉचमन आणि कामाच्या मावशींना किती? एका डिलिव्हरीच्या मुलाला वीस रुपये दिले तर त्यानं ते परत केले, माझं काय चुकलं? आणि शेवटी, ही पद्धत मुळात आली कुठून?

ताई, मी चौतीस वर्षं हॉटेलात काढली. १९८९ साली पोलादपूरहून येऊन ठाणे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात टेबलांवर फडकं मारायला लागलो. मग वेटर, मग कॅप्टन म्हणजे वेटरांचा मुकादम, आणि शेवटची बारा वर्षं वाशीत मॅनेजर. टिप घेतली, वाटली, आणि तिच्यावरून झालेली भांडणंही सोडवली. तेव्हा तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांचा गुंता तिथूनच सुटतो.

आमच्या गावात न्हाव्याला कुणी दाढीगणिक पैसे देत नसे. सुगीला खळ्यावर धान्य मोजलं जायचं, त्यातलं त्याचं बलुतं त्याला मिळायचं. सुतार, लोहार, कुंभार, परीट, सगळ्यांचं तसंच. काम वर्षभर, हिशोब सुगीला. ते उपकार नव्हते, हक्क होता. अर्थात जातीनं बांधलेला हक्क. कुणी किती घ्यायचं आणि कुठं उभं राहून घ्यायचं हेही ठरलेलं, त्यामुळे त्याचे गोडवे मी गाणार नाही. सणावाराला वर जे काही मिळायचं ते पोस्त. शिमग्याचं पोस्त, दिवाळीचं पोस्त. माणसं मुंबई-ठाण्याच्या चाळींत आली तेव्हा बलुतं गावातच राहिलं आणि पोस्त तेवढं बरोबर आलं. दिवाळीत पोस्टमन, झाडूवाला, पेपरवाला दारात उभे राहून 'पोस्त' म्हणायचे. मी नवीन असताना मला बरेच दिवस वाटायचं की पोस्टमनला देतात म्हणून त्याला पोस्त म्हणतात.

दुसरी गोष्ट बक्षीस. शब्द फारसीतून आला, बख्शिश. यात ओळख लागत नाही, वर्षही लागत नाही. काम आवडलं, हात खिशात गेला. तमाशाच्या फडावर खूश होऊन पैसे उधळतात ती दौलतजादा याच घरातली. हॉटेलातली टिप ही या बक्षिसाची शहरी धाकटी बहीण.

आणि तिसरी चिरीमिरी. तिलाच चहापाणी म्हणतात, म्हणून घोळ होतो. माझा ठोकताळा साधा आहे. वर्षभर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला सणाला दिलं तर पोस्त. अनोळखी माणसाला काम झाल्यावर दिलं तर टिप. काम व्हावं म्हणून आधीच दिलं तर चिरीमिरी. समोरचा सरकारी नोकर असेल तर ती लाच, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं उबरला नोटीस पाठवली ती याच मुद्द्यावर: गाडी लवकर मिळावी म्हणून प्रवासाआधीच 'टिप' कशी मागता? बातमी वाचून मला हसू आलं. आमच्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून दारातच पन्नासची नोट सरकवणारे होतेच की. त्याला आम्ही आपसात टिप कधीच म्हटलं नाही.

इंग्रज साहेबांकडची गोष्ट वेगळी. टिप हा शब्द म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टिट्यूड' या तीन शब्दांची आद्याक्षरं, असं पहिल्या ट्रेनिंगमध्ये मलाही शिकवलं होतं. ते खोटं. सतराव्या शतकातल्या लंडनच्या चोरांच्या बोलीत 'टिप' म्हणजे नुसतं 'देणं' किंवा 'सरकवणं'. त्या काळी तिथल्या बड्या घरी पाहुणा निघाला की यजमानाचे नोकर दाराशी रांग धरून उभे, आणि पाहुण्यानं प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवायचं. जेवण फुकट, पण बाहेर पडणं महाग. हे बंद करायची टूम निघाली तेव्हा १७६४ मध्ये लंडनच्या नोकरांनी दंगा केला होता.

अमेरिकेत ही सवय युरोप फिरून आलेल्या श्रीमंतांनी नेली. सुरुवातीला लोक चिडले. टिप म्हणजे राजेशाहीतलं मिंधेपण, आपल्या देशात नको, असा सूर होता. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिप देण्याघेण्यावर बंदीच घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गेले, कारण तोवर मालकांना चटक लागली होती. पुलमन कंपनीचे झोपायचे रेल्वे डबे होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना तिनं त्या डब्यांत हमालीला ठेवलं, पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्या सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणून हाक मारायचे, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. खरं नाव कुणी विचारत नसे. १९२५ मध्ये त्यांनी युनियन केली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. हे वाचलं तेव्हा मला आमचा 'बारक्या' आठवला. आमच्या हॉटेलात ग्लास उचलणारा प्रत्येक पोरगा बारक्याच असायचा. एक गेला, दुसरा आला, नाव तेच. मीही दीड वर्ष बारक्या होतो.

अमेरिकेत टिप घेणाऱ्या कामगारासाठी केंद्राचं किमान वेतन वेगळं आहे, तासाला २.१३ डॉलर, आणि ते १९९१ पासून तिथंच आहे. टिप धरून नेहमीचं किमान वेतन भरलं नाही तर उरलेलं मालकानं द्यायचं, असा नियम. म्हणून तिथे वीस टक्के टिप ही खुशी नसते, वेटरचा पगारच गिऱ्हाईक भरत असतं. जपानमध्ये उलट, पैसे ठेवलेत तर वेटर विसरलेली वस्तू समजून मागे धावत येईल. मुलगा परदेशातून आला आणि आपल्याकडच्या हॉटेलात वीस टक्के मोजायला लागला तर त्याला हे सांगा.

आपल्याकडे कायद्यात असा वेगळा कमी पगार नाही, पण मालकाच्या डोक्यात तो असतोच. मला १९८९ मध्ये महिन्याला साडेतीनशे मिळायचे. दोन वेळचं जेवण, आणि रात्री टेबलं जोडून त्यावर झोपायची सोय. शेट स्पष्ट म्हणाले होते, 'वरची कमाई आहे ना.' ती वरची कमाई कशी व्हायची ते सांगतो, कारण गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही.

बिलाबरोबर बडीशेपेची बशी यायची. बिल १,२३८ झालं, माणसानं १,३०० ठेवले, तर ६२ परत. इथे गल्ल्यावरच्या माणसाची कला. पन्नासची नोट आणि बारा रुपये असे परत दिले तर गिऱ्हाईक पन्नास उचलतं आणि बारा ठेवतं. तेच सहा दहाच्या नोटा आणि दोनचं नाणं दिलं की वीस, कधी तीस बशीत राहतात. कॅशियरशी वाकडं आलं तर वेटरला पन्नासचीच नोट दिसायची, अख्खा आठवडा.

राहिलेले पैसे स्वतःच्या खिशात घालायचे नाहीत, डब्यात टाकायचे. सोमवारी दुपारी साडेतीनला, गिऱ्हाईक नसायचं तेव्हा, डबा फुटायचा. नोटांना तुपाचे डाग, नाण्यांना बडीशेप आणि खडीसाखर चिकटलेली; बारक्या ती फडक्यानं पुसून दहा-दहाच्या चवडी लावायचा. २००५ च्या सुमाराचा एक हिशोब माझ्या वहीत अजून आहे. डब्यात ४,८६० निघाले. पाचवा हिस्सा, ९७२, किचनला. उरले ३,८८८. दोन कॅप्टन दीड पॉइंटचे, सहा वेटर एक पॉइंटचे, सहा हेल्पर अर्ध्या पॉइंटचे, मिळून बारा पॉइंट. पॉइंटला ३२४. हेल्परच्या हातात १६२ आले. तुम्ही बशीत वीस रुपये ठेवता तेव्हा ते असे चौदा-पंधरा हातांत जातात.

किचनचा पाचवा हिस्सा सहज आला नव्हता. तंदूरवर उभा राहून ज्याचे हात भाजले तो वस्ताद एकदा पोळ्या थांबवून बसला होता. 'चव मी करायची आणि पैसे तुझ्या टेबलावर?' त्याचं बरोबर होतं. भांडीवाल्याला मात्र पुढे कित्येक वर्षं काहीच मिळत नव्हतं, आणि ते मी मॅनेजर होईपर्यंत मलाही खटकलं नव्हतं, हे कबूल करतो. नवी मुंबईतल्या एका हॉटेलात तर मालक फुटलेल्या ग्लासांचे पैसे डब्यातून वळते करायचा. मी त्यावर भांडलो आणि दोन महिन्यांत तिथून बाहेर पडलो.

आता तुमचा सर्व्हिस चार्ज. बिलावरच्या ओळी वेगळ्या ओळखायला शिका. सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के, हा कर, सरकारकडे जातो. एसजीएसटीतला 'एस' म्हणजे सर्व्हिस असं समजून 'तुम्ही बिलात घेतलीच की' म्हणणारे लोक मी रोज पाहिलेत. तो एस स्टेटचा आहे. सर्व्हिस चार्ज ही तिसरी ओळ, पाच किंवा दहा टक्के, आणि ती हॉटेलची. ग्राहक प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलानं ती आपोआप लावू नये, दुसऱ्या नावानंही लावू नये, दिली नाही म्हणून आत घ्यायला नकार देऊ नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्या सूचना योग्य ठरवल्या. पुढे अपील झालं. तुमच्यापुरतं एवढंच की 'हा चार्ज काढा' असं शांतपणे सांगा, नव्वद टक्के ठिकाणी मॅनेजर मुकाट्यानं काढतो. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काढायला लावल्यावर त्यातले निम्मे तरी रोख वेटरच्या हातात ठेवा. सर्व्हिस चार्ज पोरांपर्यंत पोचतोच असं नाही; काही ठिकाणी पूर्ण वाटतात, काही ठिकाणी ती मालकाच्या भाड्याची सोय असते. वेटरलाच विचारा, 'हे तुम्हाला मिळतं का?' तो तोंडानं काही बोलणार नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर उत्तर कळतं. मिळत असेल तर वेगळी टिप नको. चार्ज नसेल तर बसून जेवायच्या हॉटेलात पाच ते दहा टक्के पुष्कळ झाले. उडप्याकडे डोसा-कॉफीला दहा-वीस. काउंटरवरून स्वतः प्लेट उचलून आणली तर काही नाही, तिथं क्यूआर कोडशेजारी 'टिप' असं चिकटवलेलं असलं तरी.

एक कायद्याचं टोक इथेच सांगतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलं चालवणाऱ्या आयटीसी कंपनीच्या खटल्यात ठरवलं की कार्डवरून जमा होऊन हॉटेलानं नोकरांत वाटलेली टिप हा पगार नव्हे, कारण ती मालक देत नाही, गिऱ्हाईक देतं. म्हणून मालकानं त्यावर टीडीएस कापायची गरज नाही. ऐकायला बरं वाटतं. पण पगार नव्हे म्हणजे पीएफ नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. इंग्रजीत ग्रॅच्युइटी या शब्दाचा एक अर्थच टिप. निवृत्तीला वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशोबानं मला ग्रॅच्युइटी मिळाली ती फक्त पगारावर; आयुष्यभर जी खरी ग्रॅच्युइटी घेतली ती त्यात कुठेच नव्हती.

आता सुट्ट्या पैशांचं. आपल्याकडची टिप कधीच टक्क्यांवर चालली नाही, ती उरलेल्या चिल्लरीवर चालली. रिक्षाचं कमीत कमी भाडं २६ झालं, तीस दिले, 'राहू दे' म्हटलं, झालं. यूपीआय आलं आणि उरायचंच बंद झालं. १,२३८ म्हणजे बरोब्बर १,२३८. गिऱ्हाईक काही कंजूष झालं नाही, बशीत ठेवायचा क्षणच गेला. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत डबा आठवड्याऐवजी महिन्यानं फुटायला लागला होता. काही पोरं बिलाच्या फोल्डरमध्ये स्वतःचा क्यूआर ठेवतात. मालकाला आवडत नाही, आणि त्यात हेल्परचा पॉइंट बुडतो. म्हणून तुम्हाला माझा सल्ला रोखीचाच. पर्समध्ये दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा.

सिलिंडरचं उत्तर सरळ आहे. घरगुती सिलिंडरच्या पावतीवरची रक्कम घरपोच पोचवण्यासकट असते. गोदामातून स्वतः उचलला तर तेवढे पैसे वजा होऊन मिळायला हवेत. त्यामुळे 'तीस द्यावेच लागतील' हे खोटं. पण सिलिंडर खांद्यावर घेऊन लिफ्ट बंद असताना सहाव्या मजल्यावर आलेला माणूस बहुतेक वेळा सिलिंडरमागे ठरलेल्या थोड्या पैशांवर काम करत असतो. मी देतो, पण काट्यावर वजन बघितल्यावर. काटा दाखवायला सांगणं हा तुमचा अधिकार आहे, आणि आधी पैसे दिले की काटा गाडीतच राहतो.

दवाखान्याचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. बाळंतपणानंतर मावशी, वॉर्डबॉय पेढ्यांचे पैसे मागतात आणि मुलगा झाला तर आकडा चढा असतो. नात झाली तेव्हा मी मुद्दाम मुलाचा आकडा दिला. मावशी दोनदा मोजत होत्या.

दिवाळी. घरकामाच्या मावशींना एक पगार, हा ठाण्यात-नवी मुंबईत बऱ्यापैकी रुळलेला रिवाज. दोन-तीन महिनेच झाले असतील तर त्या मानानं. हा 'एक पगार' आला कुठून याची एक गोष्ट दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते: पूर्वी आठवड्याला पगार असायचा, बावन्न आठवड्यांचे तेरा महिने, इंग्रजांनी तेरावा बुडवला आणि १९४० मध्ये बोनस म्हणून परत दिला. तारखेनंच ती गोष्ट पडते. मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप १९२४ चा, आणि तो बोनस बंद केला म्हणूनच होता. तेव्हा सरकारनं नेमलेल्या समितीनं सांगितलं की बोनस हा कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, म्हणजे मालकाची खुशी. १९६५ च्या कायद्यानं तो हक्क झाला, आधी कमीत कमी चार टक्के आणि पुढे सत्तरच्या दशकात ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक महिना. तो कायदा मावशींना लागू नव्हता, पण गिरणीतून घरी आलेल्या माणसानं बाईला तोच हिशोब लावला असणार, असा माझा अंदाज.

वॉचमनचं जास्त अवघड. पोस्त गृहीत धरतं की माणूस वर्षभर तोच आहे. आता गार्ड एजन्सीचे, दर तीन-चार महिन्यांनी साइट बदलते. दोन वर्षांपूर्वी आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत घरटी वर्गणी काढली आणि पाकिटं वाटली, तर चौघांपैकी तिघे सप्टेंबरनंतर आलेले. जो पावसाळाभर गुडघाभर पाण्यात पंप चालवत उभा होता तो ऐरोलीला दुसऱ्या साइटवर. तेव्हापासून आम्ही हजेरीच्या वहीतून महिने मोजतो आणि बदलून गेलेल्यालाही बोलावून देतो. तुमच्या कमिटीला हे सुचवा. तुम्ही वेगळे द्यायचे तर ज्याचं नाव तुम्हाला माहीत आहे त्याला द्या. कचऱ्याच्या गाडीवर ठेकेदाराचे कामगार असतील तर पाकीट मुकादमाकडे न देता प्रत्येकाच्या हातात.

राहिला तुमचा डिलिव्हरीचा मुलगा. तुमचं काही चुकलं नाही. काही पोरं शिकलेली असतात, हातात पैसे घेणं त्यांना जड जातं. अ‍ॅपवरून आलेली टिप ती खुशाल घेतात, कारण तिथं समोरासमोर हात पुढे करावा लागत नाही. मलाही पहिल्यांदा बशीतले पैसे उचलताना मान वर करवली नव्हती. तर अ‍ॅपवरून द्या, पण ऑर्डर हातात आल्यावर. आणि रोख द्यायचे असतील तर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर वीसची नोट आधीच काढून ठेवा. त्याला उभं करून घरात पर्स शोधत बसू नका. त्याच्या फोनमध्ये पुढच्या ऑर्डरचं घड्याळ सुरू झालेलं असतं.